सोहारचं तवकीर

ओमानला जाऊन आले म्हटलं की लोक आधी वाळवंटाचं विचारतात, मग उंटांचं. मी कडक खळ घातलेल्या एका सुती साडीपासून सांगायला सुरुवात करते, आणि समोरच्याला वाटतं बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय. पण त्या दोन आठवड्यांचा विचार केला की मला पहिल्यांदा ती साडीच दिसते, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेली, वाऱ्यावर न हलणारी.

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. मी तालुक्याच्या शाळेत शिकले, रत्नागिरीला बी.ए. केलं आणि आता गावाजवळच्या हायस्कुलात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्याचं सगळं पुण्य माझ्या आत्याचं. लग्नानंतरचा पहिला श्रावण यायच्या आत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परतली. पुढे आमची आई गेल्यावर मला आणि धाकट्या महेशला तिनेच वाढवलं. महेश सोहारला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन आहे. "आत्याला एकदा आण गं ताई, माझं घर तरी बघू दे तिला," असं तो किती वर्षं म्हणत होता. गेल्या डिसेंबरमध्ये अखेर जमलं.

मस्कतहून सोहारकडे

विमानतळाबाहेर आलो तेव्हा हवा आपल्याकडच्या पौषातल्या सकाळसारखी होती. आत्याने घरून घातलेला स्वेटर काढला आणि पिशवीत नीट घडी करून ठेवला. रस्ता समुद्राच्या कडेने जातो. उजवीकडे खजुरीच्या बागा आणि त्यापलीकडे समुद्र, डावीकडे लांबवर उघडे, तपकिरी डोंगर. त्या डोंगरांवर नावाला झाड नाही.

"महेशा, ह्या डोंगरांना आग लागलेली काय रे?" आत्याने विचारलं.

"नाही गं आत्या, असेच आहेत जन्मापासून."

"बिचारे," ती म्हणाली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

महेशच्या घरी त्याची बायको पल्लवी आणि नऊ वर्षांची इरा. इराचं मराठी अडखळत येतं. "आत्याआजी, तुम्ही टायर्ड झाला का?" तिने विचारलं. आत्याला फक्त 'झाला का' एवढंच कळलं. तिने तेवढ्यावर "झालं गो बाय, सगळं झालं," असं उत्तर दिलं आणि दोघींचं जमलं.

समोरच्या दारात विलासिनी चेची राहतात. चेची म्हणजे मल्याळीत ताई. पाटी वाचून मी त्यांना 'विलासिनीबाई' म्हटलं तर हसून म्हणाल्या, "इधर सब चेची बोलता है. टीचर, आप भी बोलो." त्यांची मुलगी दिव्या, लग्न होऊन चार-पाच महिने झालेले, नवऱ्याबरोबर मस्कतजवळ अल खौदला राहते. ती सणासाठी माहेरी येणार होती. सण तिरुवातिरेचा. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला आर्द्रा नक्षत्रावर केरळच्या बायका उपास करतात, भात खात नाहीत, आणि संध्याकाळी दिव्याभोवती फेर धरून नाचतात. लग्नानंतरच्या पहिल्या तिरुवातिरेला फार मान असतो.

"म्हणजे आमची मंगळागौर!" मी म्हटलं.

आत्याची मंगळागौर झालीच नव्हती, हे मला बोलून गेल्यावर आठवलं.

चेचींनी आम्हा सगळ्यांना आमंत्रण दिलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात नेसते ती निळी सुती साडी मी बरोबर आणली होती. तीच नेसायची ठरवली.

गॅलरीतली खळ

दुसऱ्या दिवशी महेश ड्युटीवर, इरा शाळेत. पल्लवी मला घेऊन मासळीबाजार दाखवायला गेली. आत्या म्हणाली, मी घरीच बसते. आम्ही परतलो तेव्हा गॅलरी भरून कपडे वाळत होते. माझी निळी साडी, महेशचे शर्ट, इराचे गणवेश, उशांचे अभ्रे, आणि कारखान्यात घालायचा महेशचा डगला. तो डगला दोरीवर हात पसरून उभा होता, जणू आत माणूस आहे.

"आत्या, हे काय?"

"खळ दिली गो. तुझ्या साडीला द्यायची होती. कपाटात बघते तर डबाभर तवकीर! बोटांत चोळलं, करकरलं. अस्सल. म्हटलं, सूनबाईने खळीसाठीच ठेवलं असणार. तुझ्या साडीला लागेल तेवढं घेतलं. मग उरलेलं कशाला ठेवायचं, सगळ्यांनाच दिली."

मला हसू आलं. लहानपणी आमच्या परड्यात तवकिराची झाडं होती, हळदीसारख्या पानांची. थंडीत आत्या त्यांचे कंद काढायची, किसायची, पाण्यात गाळून पांढरं सत्त्व बसवायची. वरचा मळकट थर माझ्या गणवेशाच्या खळीला आणि खालचं पांढरंशुभ्र तवकीर आजारपणातल्या पेजेला. शाळेत चापूनचोपून इस्त्री असलेला गणवेश घालणाऱ्या ज्या दोन-तीन मुली होत्या त्यांत मी होते, तेही चपलांचा पत्ता नसताना. मास्तर विचारायचे, "कुणाची गं तू?" मी ताठ उभी राहायचे. गणवेशच वाकू देत नसे.

पण पल्लवी हसत नव्हती. ती कपाटासमोर रिकामा डबा हातात घेऊन उभी होती.

"ताई, हे चेचींचं होतं," ती हळूच म्हणाली.

चेचींच्या स्वयंपाकघरात झुरळांचं औषध मारायचं होतं, म्हणून त्यांनी सगळं सामान इकडे ठेवलं होतं. बाकीचं परत गेलं, हा डबा राहिला. त्यात कूवा होती. कूवा म्हणजे आपलं तवकीरच. तिरुवातिरेच्या उपासाला गुळात शिजवून खातात. दिव्याच्या पहिल्या तिरुवातिरेसाठी तिच्या आजीने, चेचींच्या अम्माने, स्वतःच्या अंगणातले कंद काढून, स्वतः धुऊन, वाळवून ती पाठवली होती. डब्यावर चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं.

आत्या खालीच बसली.

चेचींना सांगायला मी आणि पल्लवी गेलो. त्यांनी पल्लवीच्या हातातला रिकामा डबा घेतला. मग म्हणाल्या, "आंटी को कैसे मालूम? टेंशन नहीं. दुकान से लाएगा." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण संध्याकाळी त्यांच्या अम्माचा फोन आला, तेव्हा आम्ही तिथेच होतो. अम्मांनी विचारलं, कूवा नीट आहे ना, मुंग्या तर लागल्या नाहीत ना? चेची आमच्याकडे न बघता म्हणाल्या, नीट आहे. शब्द पल्लवीने नंतर सांगितले, पण अर्थ मला तिथेच कळला.

आत्याला घरी आल्यावर मी ते सांगितलं, सांगायला नको होतं. "माझ्यापायी ती आईशी खोटं बोलली," आत्या म्हणाली. "पोरीचा पहिला सण, आणि मी तो दोरीवर वाळत घातला." रात्री ती जेवली नाही.

महेश मात्र सकाळी खळीचा शर्ट घालून कामावर गेला. जिन्यातून उतरताना तो कागदासारखा वाजत होता.

रुवी

शुक्रवारी सुट्टी होती. मस्कत बघायचं ठरलेलंच होतं. मोठी मशीद बाहेरून पाहिली, जुना बाजार पाहिला, समुद्रावरचा किल्ला खालून पाहिला. आत्याचं कशातच लक्ष नव्हतं. तिला मस्कतमधल्याच रुवीला जायचं होतं, कारण कुणीतरी सांगितलं होतं की रुवीत हिंदुस्थानातलं सगळं मिळतं.

खरंच मिळतं. रुवीच्या गल्लीत उभं राहिलं की आपण परदेशात आलोय हे विसरायला होतं. कुळीथ, कोकम, कढीपत्ता, देवाच्या समया, अगदी पुरणयंत्रसुद्धा. एका दुकानात आरारूटचं, म्हणजे तवकिराचंच, पाकीट मिळालं. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल है बहनजी." आत्याने पाकीट फोडून चिमूटभर बोटांत घेतलं आणि तोंड वाकडं केलं. तरी आम्ही घेतलं. परत येऊन पल्लवीने थोडं शिजवून पाहिलं. खरं तवकीर शिजलं की काचेसारखं पारदर्शक होतं. हे पांढरं ते पांढरंच राहिलं, वर डिंकासारखी तार सुटायला लागली.

"मक्याचं पीठ," आत्या म्हणाली. "ह्याची खळ कर, ह्याची!" आणि त्या सगळ्या प्रकारानंतर पहिल्यांदा सगळे हसलो. ती सोडून.

डोंगराकडची बाग

दाऊदभाई हे महेशच्या ओळखीचे. आमच्याच किनाऱ्याचे, खाडीपलीकडच्या गावचे. सोहारच्या बाजारात त्यांचा भाजीचा धंदा आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी एका ओमानी अर्बाबची, म्हणजे मालकाची, बाग ते सांभाळतात. महेशने त्यांना फोनवर सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "थांब रे. हळदीगत पानं म्हणालास ना? आमच्या बागेत केळीखाली काहीतरी हाय तसलं. एक मलबारी होता कामाला, तो लावून गेला. आम्ही उपटतो, ते परत येतं. यल्ला, चल, आत्याबाईंना घेऊन ये."

शहर सोडलं की तासाभरात तेच उघडे डोंगर जवळ येतात, आणि त्यांच्या पायाशी एकदम हिरवं दिसतं. डोंगरातलं पाणी दगडी पाटाने गावात आणलेलं असतं. त्याला फलज म्हणतात. गुडघ्याएवढा खोल पाट, आतल्या दगडांवरचे डागसुद्धा दिसतील इतकं स्वच्छ पाणी. ज्याची पाळी असेल त्याच्या वाफ्यात ते वळवतात, अगदी आमच्या आगरातल्या पाटासारखं. आत्याने चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडून बसली. "हे डोंगर उगाच उघडे नाहीत," ती म्हणाली, "सगळं खाली देऊन बसलेत."

खजुरीखाली केळी, आणि केळीच्या सावलीत ती झाडं. पानं पिवळी पडून आडवी झालेली. दाऊदभाईंनी कुदळीने एक उकरलं. लांबट, पांढरे, खवल्याखवल्यांचे कंद निघाले. आत्याने एक मोडून वास घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"आपल्या कंदाला हळदीचा वास येतो. ह्याला कसलाच नाही. हे ते नव्हे."

"आत्याबाई, एवढ्या लांब आलात, तर घेऊन तरी जा," दाऊदभाई म्हणाले.

"आणि त्या पोरीला उपासाच्या दिवशी भलतंच काही खायला घालू?"

तेवढ्यात अर्बाब आले. अंगात लांब पांढरा डिशडाशा, डोक्यावर नक्षीची टोपी, वय सत्तरीच्या पुढे. पाहुण्यांना कहवा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, न पाजता जाऊ द्यायचं नाही, असा तिथला रिवाज. चटईवर बसवून त्यांनी खजूर आणि तिथला हलवा पुढे केला. मऊ, लालसर, चकाकणारा, केशर आणि गुलाबपाण्याच्या वासाचा. आत्याने खाल्ला आणि माझ्या कानात म्हणाली, "ह्यातही खळच आहे गो. पण चांगल्या हातची." कहव्याचा चिमुकला पेला रिकामा झाला की तो अर्बाब पुन्हा भरत. नको असेल तर पेला हलवून परत द्यायचा, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याला अन्न नाकारायची सवय नाही. ती पीत राहिली, ते ओतत राहिले. शेवटी दाऊदभाईंनी तिचा हात धरून पेला हलवला तेव्हा अर्बाबही खदखदून हसले.

दाऊदभाईंनी त्यांना अरबीत आमची कथा सांगितली. त्यांनी नव्या नवरीबद्दल काहीतरी विचारलं आणि मग हात हलवून म्हणाले, "खलास. शील, शील." म्हणजे, झालं तर, घेऊन जा. पोतंभर कंद गाडीत चढले. डोळे असलेले तुकडे आत्याने मोडून ठेवले आणि जाण्यापूर्वी त्याच जागी परत पुरले.

चेचींचं स्वयंपाकघर

आता प्रश्न एकच होता, हे कंद खायचे की नाहीत. दिव्या आलेली होती. सडसडीत, बोलकी मुलगी. ती म्हणाली, "अम्मम्मा से पूछेंगे ना." अम्मम्मा म्हणजे आजी. चेची घाबरल्या. विचारायचं म्हणजे सगळंच सांगायला हवं.

"सांग," आत्या मला म्हणाली. "तिला सांग, फोन लाव. मी सांगते माझ्या तोंडाने."

व्हिडिओ लागला. पांढरे केस, कपाळावर भस्म, मागे अंगणात सुकत घातलेली सुपारी. आत्या फोनसमोर हात जोडून मराठीत बोलत होती. "आई, तुमचं तवकीर मी कपड्यांना लावलं. मला क्षमा करा. पोरीचा सण मी बुडवला." मी हिंदीत सांगितलं, चेचींनी खाली मान घालून मल्याळीत. अम्मांचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी काही विचारलं.

"अम्मा पूछती है, कौन सा कपड़ा?" चेची म्हणाल्या.

पल्लवीने धावत जाऊन माझी निळी साडी आणली आणि फोनसमोर उभी धरली. साडी खरोखरच उभी राहिली. अम्मा फोनच्या अगदी जवळ आल्या, नुसता एक डोळा आणि नाक दिसायला लागलं. आणि मग त्या हसल्या. दात नसलेलं, मोठ्ठं हसू. दिव्या हसत हसत म्हणाली, "अम्मम्मा बोलती है, स्टार्च फर्स्ट क्लास है!"

कंद दाखवले. अम्मांनी एक मोडायला सांगितला, मोडलेल्या तोंडावर नख ओढायला सांगितलं. पांढरं दूध बोटाला लागलं. "कूवा," त्या म्हणाल्या. तिकडे केरळात दोन्ही जाती असतात, ही बिनवासाची आणि आमची हळदीच्या वासाची.

आत्या पदर खोचून किसायला बसली. अम्मा फोनवरून ओरडल्या, "मिक्सी! मिक्सी!"

"काय म्हणते गो?"

"मिक्सरला लाव म्हणते."

"ही म्हातारी माझ्यापेक्षा पुढची," आत्या म्हणाली आणि किसणी बाजूला ठेवली.

मिक्सरमधून काढलेला लगदा पाण्यात कालवला, मलमलीतून गाळला, पातेलं झाकून ठेवलं. तासाभराने वरचं गढूळ पाणी ओतलं, तर तळाशी पांढरा थर. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा थांबणं. आमच्या कंदाला कडूपणा असतो, म्हणून आत्या पाण्यावर पाणी बदलत राहिली. अम्मा "मदी, मदी" म्हणजे पुरे, पुरे म्हणत होत्या, आणि आत्या "अजून एक, अजून एक" म्हणत होती. दोघींनाही एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, आणि दोघीही एकमेकींना उत्तरं देत होत्या. वाळवायला वेळ नव्हता. पण ओलंच वापरलं तरी चालतं, यावर दोघींचं एकमत झालं.

शेवटचं पाणी ओतल्यावर आत्याने तळाला बोट लावलं. ते रुतेना, खडूसारखं घट्ट बसलं होतं. इराने वाकून पाहिलं. "आत्याआजी, हे स्नो आहे?" आत्याने तिच्या नाकाला एक टिपका लावला.

तिरुवातिरा

सणाच्या दिवशी दुपारी चेचींनी गूळ विरघळवून गाळला. आत्याने ओलं तवकीर पाण्यात कालवून धार धरली. दिव्या ढवळत होती. आधी दुधी, मग गढूळ, आणि मग एका क्षणी सगळं पातेलं मधासारखं झालं, तळ दिसेल असं. तुपात परतलेले खोबऱ्याचे काप, केळं, वेलची. माझ्या नाकात एकदम आजारपणातली दुपार शिरली. कपाळावर आत्याचा हात, वाटीतली कोमट पेज, आणि तिचं "दोन घास, मग पुस्तक देते."

पहिला घास दिव्याला भरवायचा होता. सगळ्या बायका आत्याकडे बघायला लागल्या. आत्या दोन पावलं मागे सरकली.

"मी नको. माझा हात नको. वंदे, तू सांग त्यांना."

मला काय सांगायचं ते माहीत होतं. चेचींच्या कानात मी दोन शब्द बोलले. फोन ओट्याला टेकवून ठेवलेला होता. अम्मांनी विचारलं, काय झालं? चेचींनी सांगितलं असावं. अम्मांनी आपल्या भस्म लावलेल्या, बिनकुंकवाच्या कपाळाला बोट लावलं, मग तेच बोट आत्याकडे केलं आणि दोनच वाक्यं बोलल्या.

"अम्मा बोलती है," चेची म्हणाल्या, "मैं भी तो ऐसी ही हूँ. मेरे हाथ का कूवा बच्ची खाती, तो आंटी के हाथ से क्यों नहीं खाएगी?"

दिव्या आत्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने आ केला. लहान मुलासारखा. आत्याने चमचा तिच्या तोंडात दिला, एक थेंब सांडू न देता.

संध्याकाळी इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये समईभोवती फेर सुरू झाला. सोनेरी काठांच्या पांढऱ्या साड्या आणि त्यांत मी एकटी निळी. टाळी देताना माझी साडी कडकड वाजायची आणि दिव्या दर वेळी हसायची. आत्या भिंतीशी खुर्चीवर बसली होती. दिव्याने जाऊन तिला ओढून आणलं. आत्याला तो नाच येत नव्हता. ती टाळ्या देत होती त्या आमच्याकडच्या झिम्म्याच्या, ठेका चुकवून. पण फेर एकदा फिरायला लागला की कोण चुकतंय कुणाला कळत नाही.

परत

परत येऊन वर्ष होत आलं. निळ्या साडीतली खळ पहिल्याच धुण्यात गेली. मी सहज म्हटलं, "आत्या, पुन्हा द्यायची का?" तर तिने मला नीट डोळे वटारून पाहिलं.

पावसाच्या तोंडाला ती पलीकडच्या वाडीत जाऊन तवकिराचे कंद मागून आली होती. आमच्या परड्यातली जुनी झाडं केव्हाच संपली होती. परवा तिने ते काढले, मिक्सरला लावले, वाळवले. "अम्मा म्हणते ते खरं, हात दुखत नाहीत," असं ती आता अम्मांची भाषा कळत असल्यासारखं सांगते. तळाचं पांढरं तवकीर तिने एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं. दाऊदभाईंचा पुतण्या पुढच्या आठवड्यात सोहारला निघालाय, त्याच्याबरोबर ते जाणार आहे. दिव्याची ही दुसरी तिरुवातिरा, आणि ती गरोदर आहे.

डबा माझ्यापुढे ठेवून आत्या म्हणाली, "तू शिकलेली ना? झाकणावर मोठ्या अक्षरात लिही."

"काय लिहू? तवकीर?"

"तवकीर कशाला? परत कुणी खळ करील. दिव्याचं नाव लिही."

मी लिहिलं. तिने डबा उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि अक्षर वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिली.